खोकी सुटायच्या आधी

घर बदलताना पहिला बळी जातो तो धावण्याचा. गॅसची जोडणी, मुलांच्या शाळेचे कागद, सामानाचा ट्रक या सगळ्यांना ठरलेली तारीख असते; पहाटेच्या दहा किलोमीटरना ती नसते, म्हणून तेच पुढे ढकलले जातात. त्यातून परतायचं असतं जुन्याच घरी, समजा पुण्यात बरीच वर्षं काढून पुन्हा बंगळूरच्या इंदिरानगरात, तर मनाला आणखी एक सबब सापडते. रस्ते पायाखालचेच आहेत, एकदा तिथे पोचलो की सवय आपोआप परतेल. मला हे पटत नाही. स्थलांतराच्या दिवसांत धावणं कमी जरूर करावं, पण बंद करू नये. आणि कमी करायचे ते दिवस आणि अंतर, जोर नव्हे. जुन्या घरी परतणाऱ्याने तर हे जास्तच कटाक्षाने पाळावं.

सराव थांबल्यावर शरीर किती दिवस तग धरतं, हे मोजून झालेलं आहे. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या खेळाडूंचा सराव बंद ठेवून १९८४ मध्ये निष्कर्ष मांडले. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सुमारे ७ टक्क्यांनी उतरली आणि तीन महिन्यांच्या आत १६ टक्क्यांच्या घटीवर स्थिरावली. सुरुवातीची घट मुख्यतः हृदयाच्या एका ठोक्यासरशी बाहेर पडणाऱ्या रक्ताची होती. म्हणून ‘दिवसभर खोकी उचलतोय, व्यायाम होतोच आहे’ हे समाधान फसवं आहे. खोक्यांनी पाठ आणि खांदे दुखतात, हृदयाला सलग काम मिळत नाही. याउलट रॉबर्ट हिक्सन यांचे त्याच सुमाराचे प्रयोग दिलासा देतात. आठवड्याचे सहा दिवस चारवर, अगदी दोनवर आणले, तरी पंधरा आठवडे ती क्षमता टिकली. रोजची ४० मिनिटं २६ किंवा १३ केली, तरी टिकली. जोर मात्र एक तृतीयांशाने उतरवला, तेव्हा ती घसरली. अर्थात लांब पल्ल्याच्या धावकाने इथेच हुरळून जाऊ नये. १३ मिनिटांवर आलेल्यांची दीर्घकाळ तग धरण्याची ताकद कमी झालीच होती. तेव्हा आठवड्यात दोन छोट्या, दम लागेल अशा धावा आणि रविवारी एक लांब, शांत धाव, एवढं तरी हातचं सोडू नये.

आता ‘सवय आपोआप परतेल’ या सबबीकडे येऊ. वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या ठिकाणी भोवतालची परिस्थिती जुन्यासारखीच राहिली, तिथे व्यायामासारख्या सवयी टिकल्या; ती बदलली तिथे सवय मोडली आणि माणूस पुन्हा इराद्याच्या भरवशावर आला. जुन्या घराचा धोका नेमका हा आहे की ते ओळखीचं वाटतं, पण तसं उरलेलं नसतं. ऑक्टोबर २०११ मध्ये बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड मेट्रो सुरू झाली आणि इंदिरानगरच्या सीएमएच रोडवर आभाळाच्या जागी काँक्रीटचा पूल आला. त्याआधी इथून गेलेल्या माणसाच्या मनातला रस्ता आता नाही. हंड्रेड फीट रोडवरचे कित्येक बंगले दुकानं आणि उपाहारगृहं झाले. गटारावर घातलेल्या दगडी लाद्या म्हणजे इथला फूटपाथ. त्यातली एखादी पायाखाली डुगडुगते, पुढे ट्रान्सफॉर्मर वाट अडवतो, आणि दर फाटकाशी गाडीसाठी केलेला उतार घोट्याला वाकडं पडायला लावतो. पाय जुन्या आठवणीने पडले, तर मुरगळायला वेळ लागणार नाही.

तरीही स्थलांतराच्या दिवसांत धावायला इंदिरानगरइतकी सोयीची वस्ती शोधून सापडायची नाही. लांब ‘मेन’ रस्ते आणि त्यांना छेदणारे ‘क्रॉस’ यांचं हे जाळं. इथल्या डिफेन्स कॉलनीच्या आतल्या रस्त्यांवर दोन क्रॉस सोडून वळलं, पुन्हा वळलं, की घर एखाद्या किलोमीटरच्या आतच राहतं. सुतार दारात आला, फोन वाजला, तर पाच मिनिटांत परतता येतं. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या या गावात एप्रिलची पहाटही सुसह्य असते. नंदिनीच्या दुधाचे क्रेट उतरत असतात, होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, फिकट फुलांचा सडा रस्त्याकडेला पडलेला असतो आणि वाहनं अजून जागी व्हायची असतात. तेवढ्या वेळात फूटपाथ सोडून रस्त्याच्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळावं. रविवारची लांब धाव हलसूरमार्गे कब्बन पार्कपर्यंत न्यावी. त्या दिवशी पार्कात गाड्यांना बंदी असते, आणि दमलं तर परतायला मेट्रो आहेच.

अपुऱ्या झोपेत जोर लावणं धोक्याचं, हा आक्षेप मला मान्य आहे. ज्या रात्री सामान लावता लावता दोन वाजले, त्या सकाळी धावू नये. जोराची धाव एक दिवस पुढे सरकवावी. ठरल्या दिवशी ती झालीच पाहिजे असं काही नाही, आठवड्यातून ती नाहीशी होऊ नये एवढंच. दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे: त्याच वळणांवर पूर्वीचा वेग निघत नाही, तर त्रास करून घ्यायला धावायचंच कशाला? व्यायाम न करणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वयाबरोबर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी उतरते. नेटाने सराव चालू ठेवणाऱ्यांची बरीच कमी. म्हणजे जुन्या आकड्याशी तुलना करायचीच, तर ती आज जे न धावता खोकी लावत बसले आहेत त्यांच्याशीही करायला हवी. पूर्वीचं घड्याळ काही दिवस कपाटात ठेवावं, मार्ग एका क्रॉसने बदलावा आणि त्या नव्या फेरीची वेळ पहिल्यांदा लिहून ठेवावी.