किल्ली कोणाच्या हाती?

तुरुंगाच्या कथेत आपले लक्ष सहसा कोठडीतल्या माणसाकडे जाते. किल्ली ज्याच्या हाती असते, त्याचा विचार आपण क्वचितच करतो. पिएर गोदो यांचा ‘एपेर्दुमाँ’ हा २०१६ सालचा फ्रेंच चित्रपट एका स्नेही धर्मगुरूंच्या आग्रहावरून आम्ही पाहिला आणि पुढे कित्येक दिवस ती किल्ली आमच्या मनातून जाईना.

शीर्षकाचा अर्थ ‘भान हरपून’. झाँ हा स्त्रियांच्या तुरुंगाचा संचालक. घरी पत्नी आहे, मुलगी आहे. कामात लौकिक आहे. अ‍ॅना नावाची एक तरुण कैदी तेथे येते. आधी सहानुभूती, मग ओढ, मग चोरट्या भेटी. गियोम गालियेन आणि आदेल एक्झार्कोपुलोस यांनी या भूमिका केल्या आहेत.

ही निव्वळ कल्पना नव्हे. व्हर्सायच्या स्त्रियांच्या तुरुंगाचे संचालक फ्लोराँ गोन्साल्व्ह यांनी स्वानुभवावर एक पुस्तक लिहिले. त्यावरून हा चित्रपट स्फुरला. (आपल्या वसईतल्या गोन्साल्विस या आडनावाचेच हे फ्रान्समधले भावंड!) पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘प्रेम करण्यास मनाई’. संबंध उघडकीस आले, पद गेले आणि २०१२ साली न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावली. ती प्रेमाबद्दल नव्हती. कैद्याला नियमबाह्य वस्तू पुरवल्याबद्दल होती.

झाँचे प्रेम खोटे आहे, असे आम्हांस वाटले नाही. हीच तर खरी अडचण. ज्या स्त्रीला उठून खोलीबाहेर जाण्याची मुभा नाही, जिची सोय-गैरसोय समोरच्याच्या एका सहीवर अवलंबून आहे, तिच्या ‘हो’चे मोल कसे करावे? कदाचित तिचेही प्रेम खरे असेल. पण ते खरे की खोटे हे कळण्याचा मार्ग किल्लीवाल्यानेच बंद करून ठेवलेला असतो.

झाँला दोष देऊन मोकळे होणार, इतक्यात आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, एक शोकग्रस्त भगिनी सांत्वनासाठी आमच्याकडे येत असे. तिचे दुःख हळूहळू ओसरले; भेटी मात्र चालू राहिल्या. एका सायंकाळी ती आली नाही. आम्ही तीन वेळा खिडकीशी जाऊन फाटकाकडे पाहिले. तिसऱ्या खेपेस आम्हांस आमची लाज वाटली. गैर असे काही घडले नव्हते. परंतु ती विश्वासाने येत होती आणि आम्ही त्या विश्वासावर आपले एकटेपण शेकत होतो. त्याच आठवड्यात आम्ही एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंपाशी मन मोकळे केले. त्यांनी उपदेश केला नाही. इतकेच म्हणाले, “फादर, दार उघडे ठेवा आणि एका धर्मभगिनींना सोबत बसवा.” आम्ही तसे केले.

झाँपाशी असे विचारणारे कोणी नव्हते. किंवा असेल, तरी त्याने सांगितले नाही.

वाचकहो, किल्ल्या केवळ तुरुंगात नसतात. शिक्षकाच्या हाती गुण असतात, साहेबाच्या हाती बढती, धर्मगुरूच्या हाती माणसांची गुपिते. गुरुवारी सायंकाळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते हातात सत्ता असताना. दरवर्षी त्या विधीसाठी गुडघे टेकताना आता आम्हांस ती खिडकी आठवते. आणि आठवते, हेच बरे.