वर तरंगणाऱ्यांचं काय

जुनं मीडियम काढताना त्याच्याबरोबर ज्या पेशी निघून जातात त्यांचं काय करायचं, या एका प्रश्नाने माझी प्रयोगशाळेतली बहुतेक वर्षं खाल्ली. यंदा उजवं मनगट धरलं, फ्लास्क तिरका करून स्थिर ठेवता येईना, म्हणून हे काम माझ्या विद्यार्थ्याकडे गेलं. हूडसमोर तो बसतो, मी मागे उभी राहते, आणि तोच प्रश्न पुन्हा नव्याने छळतो.

एसएच-एसवाय५वाय ही पेशींची लाइन ज्यांनी वाढवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. या पेशी निमूट तळाशी बसणाऱ्या नाहीत. काही चिकटतात, काही एकमेकींवर चढून ढीग करतात, काही पुंजके वरच तरंगतात आणि तेही जिवंत असतात. न्यू यॉर्कच्या स्लोन-केटरिंगमध्ये जून बीडलर यांनी १९७० साली एसके-एन-एसएच ही मूळ लाइन काढली, न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग झालेल्या एका चार वर्षांच्या मुलीच्या अस्थिमज्जेतून. त्या मूळ लाइनपासून एकामागून एक तीनदा क्लोन करून आमची लाइन आली; तिच्यावरचा लेख १९७८चा. त्याच मुळाची दुसरी शाखा एसएच-ईपी, चपट्या आणि तळाला घट्ट धरणाऱ्या पेशींची. चेतापेशीसारख्या ‘एन’ आणि चपट्या ‘एस’ एकमेकींत बदलू शकतात, हेही बीडलरबाईंच्याच गटाने दाखवलं. सगळी अडचण इथेच आहे. ‘एन’ सैल धरतात, ‘एस’ घट्ट. दर वेळी वरचं मीडियम ओतून दिलंत तर तुम्ही नकळत ‘एन’ काढत राहता आणि ‘एस’ राखत राहता. काही पॅसेजनंतर, म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये वाटून वाढवण्याच्या काही फेऱ्यांनंतर, लेबलावर नाव तेच असतं, आत राहणारं कुटुंब मात्र बदललेलं असतं.

१९७० साली मीही चार वर्षांचीच होते, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजातल्या आमच्या वाड्यात. हेला पेशी ज्यांच्या, त्या हेन्रिएटा लॅक्स यांचं नाव आज जगाला ठाऊक आहे. या मुलीचं कॅटलॉगात फक्त वय आणि लिंग. माझ्या बरोबरीच्या मुलीच्या पेशी माझ्या हातात आहेत, हा विचार फ्लास्क उघडताना कायम सोबत असतो. त्या फेकताना माझा हात अडतो तो केवळ शास्त्रापायी नाही.

पहिला फ्लास्क मी पुण्याहून आणला, गणेशखिंडीतल्या एनसीसीएस या पेशीसंशोधन संस्थेतून. गळ्यापर्यंत मीडियम भरलेला, झाकणावर पॅराफिल्म, थर्मोकोलच्या डब्यात घालून झेलम एक्स्प्रेसने ग्वाल्हेरपर्यंत मांडीवर. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला आणि त्याचं लष्कर झालं. आमची घराणी दक्षिणेतून आली ती त्या फौजेमागून. तसा हा रस्ता जुनाच. ग्वाल्हेरला उतरून मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर गाडीच्या हिसक्यांनी निम्मी वस्ती सुटून वर आलेली. शेजारच्या प्रयोगशाळेतले म्हणाले, वरचं फेका, तळाचं वाढवा. मी सगळं मीडियम सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवलं, खाली बसलेल्या पेशी परत त्याच फ्लास्कमध्ये सोडल्या. दोन दिवसांत त्यांनी पाय पसरले. तेव्हापासून वरचं मीडियम मी कधी ओतून दिलं नाही.

जिवंत कोण आणि मेलेलं कोण, हे ओळखणं मात्र अवघड. माझा विद्यार्थी ट्रायपॅन ब्लू घालतो, निळ्या आणि बिनरंगी पेशी मोजतो आणि म्हणतो, ‘‘मॅडम, देखिए, ऊपर वाले ज़्यादातर ज़िंदा हैं.’’ मोरेन्याचा मुलगा, काम चोख. मी डोळ्याने बघते: चकचकीत, कडेला उजेडाचं वलय असलेली ती जिवंत, दाणेदार, काळवंडलेली, आक्रसलेली ती गेली. रंगाने जिवंतपणा कळतो, ‘एन’ की ‘एस’ ते कळत नाही. ते बघून बघूनच कळतं, आणि या नजरेचा मला अभिमान आहे. फार आहे.

त्या अभिमानाला यंदा धक्का बसला. त्याच लाइनची व्हायल, त्याच लॉटचं सीरम, तोच इन्क्युबेटर, माझीच पद्धत. तरी त्याचा फ्लास्क माझ्यासारखा दिसत नाही. त्याच्याकडे ढीग मोठे, मधली जागा मोकळी. माझ्याकडे पेशी विरळ आणि सारख्या पसरलेल्या, कारण पॅसेज करताना पुंजके फोडायला मी पिपेट जास्त वेळा वरखाली करते. वाईट दोन्हीही नाही. पण शोधनिबंधात लाइनचं नाव येतं, मीडियम येतं, हात कुठेच येत नाही. कमी पॅसेजच्या माझ्या काही व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये आहेत. त्या त्याला द्यायच्या की नाही, यावर मी अजून टाळाटाळ करते आहे. त्या त्याच्या हाताने वाढतील आणि त्याच्यासारख्या दिसतील, एवढंच कारण आहे.

या पेशींवरचं माझं काम कीटकनाशकांचं. आमच्याकडच्या मोहरी-गव्हाच्या पट्ट्यात वापरली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि सरिनसारखे युद्धातले वायू एकाच एन्झाइमवर घाव घालतात, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजवर. झाशी रोडवरच्या डीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेमुळे विषांचा अभ्यास या गावाला नवा नाही. मला राग येतो तो याच पेशी वापरणाऱ्या दुसऱ्या मंडळींचा: ओळखीच्याकडून फ्लास्क मागून आणायचा, पॅसेज क्रमांक विचारायचा नाही, मायकोप्लाझ्माची तपासणी करायची नाही, कुठल्यातरी मुळीचा अर्क घालायचा, एमटीटी चाचणीचा जांभळा रंग वाढला की पार्किन्सन्सवर औषध सापडलं म्हणून लिहायचं. डिफरन्शिएट न केलेली, धडाधड विभागणारी गाठीची पेशी म्हणजे मेंदूतली डोपामिनची चेतापेशी नव्हे. पूर्वी लोक निदान लाजायचे.

डिफरन्शिएट करतानाच वरचं न फेकण्याचा माझा नियम अडखळतो. रेटिनोइक अ‍ॅसिड, १० मायक्रोमोलर, नळी फॉइलमध्ये गुंडाळलेली, हूडचा दिवा बंद, सीरम कमी. ‘एन’ पेशी हळूहळू विभागणं थांबवतात, बारीक तंतू काढतात. तंतू पेशीच्या अंगापेक्षा लांब झाला की मला समाधान. पण चुकून राहिलेल्या ‘एस’ थांबत नाहीत, वाढतच जातात आणि आठवड्यात तंतूंच्या मधली सगळी जागा व्यापतात. या दिवसांत मीडियम बदलताना वर जे येतं ते ठेवावं का? ठेवलं तर सेंट्रिफ्यूजमध्ये कोवळे तंतू तुटतात. फेकलं तर पुन्हा सैल धरणाऱ्याच जातात आणि ‘एस’ना आणखी मोकळं रान मिळतं. विद्यार्थ्याचं मत, या टप्प्यावर फेकावं आणि सुरुवातच शुद्ध ‘एन’ने करावी: ट्रिप्सिन न घालता फ्लास्कला हलकी चापट मारायची आणि सुटून येतील तेवढ्याच नव्या प्लेटमध्ये घ्यायच्या. मला ते पटतं. तरी काल त्याने वरचं मीडियम काढलं तेव्हा मी त्याच्याकडून नळी मागून घेतली, न फिरवता तशीच उभी ठेवली, आणि तळाशी आपोआप बसलेल्या पेशी वेगळ्या प्लेटमध्ये टाकल्या. आज त्यातल्या थोड्या चिकटल्या आहेत. त्या ‘एन’ आहेत असं मी म्हणते. त्याला अजून खात्री नाही.