भिलाईत कळतं, बँक कोणाला फुकट पडते

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव करत दुर्ग येतं आणि दुर्गला अगदी लागूनच भिलाई. ज्या रुळांवरून आपण आलो, ते बहुधा इथल्याच कारखान्यात तयार झालेले असतात. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भातशेतीच्या या भागात एक अख्खं शहर उभं राहिलं. देशभरातून माणसं आली, शेजारच्या विदर्भातून मराठी घरंही आली. म्हणून भिलाईकर आपल्या गावाला कौतुकाने ‘मिनी इंडिया’ म्हणतात.

पाहुण्यांना इथे मैत्री बागेतले पांढरे वाघ दाखवतात. सेक्टरांमधले रुंद, झाडांनी झाकलेले रस्तेही बघण्यासारखे आहेत. पण या वेळी आत्याकडे गेले तेव्हा सगळ्यात जास्त गप्पा रंगल्या त्या बँकेवर. निमित्त होतं तिच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचं.

ताई कॅम्प भागात राहतात. आधी त्या एका ठेकेदाराकडे साफसफाईच्या कामाला होत्या. त्यानेच त्यांचं पगार खातं उघडून दिलं होतं. ठेका संपला, पगार थांबला आणि काही महिन्यांनी ते खातं आपोआप साधं बचत खातं झालं, म्हणजे किमान शिल्लक ठेवणं आलं. त्यांच्या खात्यात महतारी वंदन योजनेचे महिन्याला 1,000 रुपये जमा होतात. त्यातूनच दंड कापला जाऊ लागला, वर 18 टक्के जीएसटी. बँकेचे मेसेज यायचे, पण इंग्रजीत. ताईंना वाटायचं, सरकारच पैसे कमी पाठवतंय.

आतोबा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना कळेचना. ‘‘अगं, इतकी वर्षं खातं आहे माझं, किमान शिल्लक म्हणजे काय ते मला माहीतच नाही!’’ बरोबरच होतं. त्यांच्या खात्यात आधी दरमहा पगार यायचा आणि आता ठेवींचं व्याज येतं. खातं कधी रिकामं पडलंच नाही.

जॉनथन पॅरी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञांनी भिलाईत अनेक वर्षं राहून अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 2020 मध्ये आलं. त्यात त्यांनी भिलाईकरांच्याच तोंडचे दोन शब्द पकडले आहेत : ‘नौकरी’ आणि ‘काम’. कारखान्यातली कायम माणसं नौकरी करतात, ठेक्यावरची माणसं काम करतात. राहणीमान, मुलांची शाळा, लग्नं, सगळं या एका फरकावर ठरतं. माझ्या मते बँकेचं शुल्कही त्यावरच ठरतं, आणि तेही फक्त भिलाईत नाही.

आत्याची मुलगी अमेरिकेत शिकागोजवळ असते, मुलगा जर्मनीत. रात्री व्हिडिओ कॉलवर विषय काढला, तर दोघांकडे तेच. अमेरिकेतल्या मोठ्या बँका साध्या खात्याला महिन्याला 12 ते 15 डॉलर देखभाल शुल्क लावतात. पण ठराविक पगार थेट खात्यात येत असेल किंवा साधारण 1,500 डॉलर शिल्लक असेल, तर ते माफ. म्हणजे ताईबाईंना एक पैसा भरावा लागत नाही. तिच्या ऑफिसात तासांवर काम करणाऱ्या बाईला मात्र भरावा लागतो. शिवाय खात्यात पैसे नसताना खर्च झाला, तर तिथल्या कित्येक बँका एका वेळेला 35 डॉलरपर्यंत दंड घेत आल्या आहेत. 2022 मध्ये काहींनी तो कमी केला, काहींनी बंदच केला.

जर्मनीतही मासिक शुल्क असतं, बऱ्याच बँकांत 5 युरोच्या आसपास. काही बँकांत दरमहा 700 किंवा 1,000 युरो जमा होत असतील तर शून्य. तिथली एक गोष्ट मला फार आवडली. ग्राहक गप्प बसला म्हणजे त्याला शुल्कवाढ मान्य आहे असं बँकांनी धरून चालणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये दिला. अनेकांना जादा घेतलेले पैसे परत मागता आले. ब्रिटनमध्ये रोजचं खातं वापरायला सहसा मासिक शुल्क नसतं, पण खात्यात उणे झालात की वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपास व्याज. तिथेही गोष्ट फिरून तिथेच येते : ज्याचा महिना अपुरा पडतो, तो भरतो.

आपल्याकडे या छोट्या दंडांची बेरीज किती होते? एप्रिल ते नोव्हेंबर 2017 या आठ महिन्यांत स्टेट बँकेने किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल 1,771 कोटी रुपये गोळा केले. तिच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. बरीच ओरड झाली. मार्च 2020 मध्ये स्टेट बँकेने बचत खात्यांची ही अटच काढली. 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही काढली. खासगी बँकांत अट अजून आहे. काही बँका जितकी तूट, तिच्या 6 टक्के अशा हिशोबाने दंड घेतात.

ही शिल्लक रोज तेवढीच असावी लागते असं नाही. ती बहुधा महिन्याची सरासरी असते. 10,000 ची अट असेल आणि 15 दिवस खात्यात 20,000 राहिले, तर उरलेले 15 दिवस खातं रिकामं असलं तरी सरासरी भरते. दंडापायी खातं उणे करायला मात्र रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. एटीएमच्या बाबतीत भिलाईकर मुंबईकरांपेक्षा सुखी : दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईत महिन्याला 3 व्यवहार मोफत, इथे 5. त्यानंतर मे 2025 पासून प्रत्येक वेळी 23 रुपयांपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आतोबा स्वतः ताईंबरोबर शाखेत गेले. प्रत्येक बँकेत ‘बीएसबीडी’ नावाचं मूलभूत बचत खातं मिळतं : किमान शिल्लक शून्य, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. काउंटरवर आधी ‘‘इथे असं काही नसतं’’ असं उत्तर मिळालं. आतोबांनी शांतपणे लेखी अर्ज पुढे केला आणि पोच द्या म्हणाले. मग फॉर्म निघाला.

जुना दंड परत मिळाला नाही. पुढच्या महिन्यात ताईंचे हजारच्या हजार रुपये जमा राहिले. त्या आता पासबुक आत्याकडून नाही, आठवीतल्या लेकीकडून वाचून घेतात, आणि कॅम्पातल्या आणखी दोघींना घेऊन आतोबांकडे आल्या होत्या म्हणे.