बरगड्या

आमच्या घरात आजवर कारवानी जातीची ४ कुत्री नांदली. पहिला हरण्या. आबांनी तो जतकडच्या एका मेंढपाळाला दोन पायली ज्वारी देऊन आणला. लांब मुस्कट, आत ओढलेले पोट, मोजता याव्यात अशा बरगड्या. वासापेक्षा नजरेवर धावणारी ही शिकारी जात अंगाने अशी कृशच असते, पण पाहुणे विचारीत, "कुत्र्याला उपाशी ठेवता काय?" त्या दुष्काळी वर्षांत बरगड्या आम्हा भावंडांच्याही दिसत. आमच्याविषयी मात्र कोणी विचारीत नसे.

हरण्यामागून बिजली, मग तिचेच पिलू वारू. बिजली गेली तेव्हा आई कित्येक दिवस तिच्या वाटणीची भाकरी काढून ठेवीत असे. घरात त्याविषयी कोणी बोलले नाही.

२००५ साली डाक विभागाने या जातीचे तिकीट काढले, ते 'मुधोळ हाउंड' या नावाने. कर्नाटकातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांना राजाश्रय दिला, हे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही नाकारीत नाही. परंतु माळावर मेंढरांमागे हिंडत ज्यांनी ही जात राखली, त्यांची नोंद कोणत्या दप्तरात? आबांनी तिकीट निरखले आणि म्हणाले, "राजाचं गाव आलं. धनगराचं कुठाय?" तो प्रश्न आम्ही दरवर्षी वर्गात विचारतो.

सध्याची चांदणी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या पायरीवर निजते. गेल्या उन्हाळी सुटीत मुली गावी गेल्या, तेव्हा तीन दिवस ती फाटकाकडे तोंड करून बसली होती.