काठ-पदर कायम

“हे पत्र तुमचंच ना?” असं विचारत बाई माझ्या टेबलाशी आल्या. निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या ठेवीदार. हातात ई-मेलचा छापून आणलेला कागद. ‘आपली ठेव गोठवण्यात येत आहे, खालील लिंकवर माहिती भरा,’ असा मजकूर. बाईंनी माहिती भरली होती आणि त्यांच्या पेन्शनच्या खात्यातून अठरा हजार रुपये गेले होते.

पत्र आमचं नव्हतं. बोधचिन्ह मात्र आमचंच, पण जुनं. आणि रंग गुलाबी. मी म्हटलं, “बाई, आपल्या संस्थेचा रंग निळा. गुलाबी पाहून शंका नाही आली?”

“कशी येणार? तुमच्या शाखेची पत्रं गुलाबीच असतात की!”

मी गप्प झाले. चूक बाईंची नव्हतीच.

ही २०२१ सालची गोष्ट. सीमाभागातल्या एका पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत मी पत्रव्यवहार सांभाळते. लॉकडाऊनमध्ये आम्ही सभासदांना ई-मेल पाठवू लागलो. त्यासाठी एक ठरलेला नमुना, संगणकवाल्यांच्या भाषेत टेम्प्लेट, सगळ्या शाखांना दिला. पुढे ज्याने त्याने आपली हौस भागवून घेतली. एका शाखेने वर गणपती बसवला, दुसरीने रंग बदलला, तिसरीत जुनंच बोधचिन्ह राहिलं. एकाने मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टंकला. तो फॉन्ट सभासदांच्या संगणकात नव्हता, त्यामुळे त्यांना नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली. आम्ही सगळं हसण्यावारी नेलं. सारखेपणा म्हणजे टापटीप, एवढंच मला वाटायचं. सभासदाला आपलं पत्र ओळखायला तीच एक खूण असते, हे बाईंनी अठरा हजार मोजून मला शिकवलं.

बाईंना घेऊन सायबर हेल्पलाइनला फोन केला. पण दोन दिवस उलटून गेले होते. पैसे मिळाले नाहीत.

मग मी कडक झाले. नमुना मुख्य कचेरीतच कुलूपबंद केला. बोधचिन्ह, रंग, पत्ता, तळाच्या सूचना, कशालाच शाखेने हात लावायचा नाही. नाव, रक्कम आणि तारीख, एवढ्याच जागा भरायच्या. महिनाभर मी खुशीत होते.

एक दिवस चिकोडीकडच्या शाखेतून फोन आला. “अक्का, आमच्याकडच्या पुष्कळ आजोबांना मराठी वाचायला येत नाही. मी वर दोन ओळी कन्नडमध्ये लिहीत होते. त्या आता लिहिता येत नाहीत. पत्र खोटं आहे का म्हणून ते विचारायला येतात.”

म्हणजे बघा, जी खूण जपायला मी कुलूप लावलं, तीच त्या आजोबांपुरती मी पुसून टाकली होती. त्यांची ओळख बोधचिन्हाशी नव्हती, त्या दोन ओळींशी होती.

त्या रात्री आईची इरकलं उन्हाला घालायची म्हणून ट्रंकेतून काढत होते. एक हिरवं, एक जांभळं, एक काळं. अंगाचा रंग प्रत्येकीचा वेगळा, पण पदर तोच लाल, त्यावर तीच पांढरी नक्षी. विणकर अंगाचा आणि पदराचा ताणा वेगळा लावतात आणि फाशात फासा अडकवून जोडतात. म्हणून तर लांबून, मराठी घरात काय नि कन्नड घरात काय, इरकल लगेच ओळखू येतं. मनात आलं, मी काठ-पदराबरोबर अंगही एकाच रंगात बुडवलं की!

दुसऱ्या आठवड्यात नमुना बदलला. बोधचिन्ह, रंग, पत्ता आणि ‘आम्ही लिंक पाठवून माहिती मागत नाही, ओटीपी विचारत नाही’ ही ओळ मुख्य कचेरीच्या ताब्यात. मुख्य मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत तयार, शाखेने निवडायचा. वर दोन ओळी मोकळ्या. तिथे आपल्या माणसाला आपल्या भाषेत लिहावं. फक्त त्यात लिंक घालता येत नाही, आणि टंकायचं ते युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर अक्षर फुटत नाही. आणि पहिला शब्द? तो ठरवायला बैठक लागलीच नाही. ‘नमस्कार’ दोन्हीकडे चालतो.

एक मात्र सांगते. चोर हुबेहूब नक्कलही करू शकतो. म्हणून रंगरूप पाहून थांबू नये. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता तपासावा, आणि पैशाची गोष्ट असेल तर पासबुकावरच्या नंबरावर फोन करावा. सारखेपणाने चोर पकडला जात नाही; वेगळं दिसलं तर मनात शंका येते, एवढंच. बाईंना तेवढी शंकासुद्धा आम्ही येऊ दिली नव्हती.

बाई अजून येतात. प्रत्येक पत्र छापून आणतात आणि चष्मा पुसत विचारतात, “हे तुमचंच ना?” मी त्यांना पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून दाखवते, तळाची ओळ दाखवते. गेल्या खेपेला म्हणाल्या, “ते बघितलं मी. तरी विचारलेलं बरं.”

मी खुर्ची पुढे सरकवते. त्यांनी विचारत राहावं, असंच मला वाटतं.