मी त्या आईच्या बाजूने होते

'क्लोज टू यू' पाहून थिएटरच्या पायऱ्या उतरतानाच माझं मत ठरलं होतं. मुलगा हेकट, आई बिचारी, आणि संवाद असे की लिहिणाऱ्याने मध्येच कंटाळून उठून जावं. मैत्रिणींपुढे मी हेच ठासून मांडलं आणि बहुतेकींनी माना डोलावल्या. आज यातलं एकही वाक्य मला तितक्या ठसक्यात म्हणता येत नाही. असं का झालं ते सांगते. सगळंच बदललेलं नाही, तेही लपवत नाही.

खरं तर आम्ही चित्रपटाला गेलो होतो ते कोबर्ग बघायला. टोरांटोच्या पूर्वेला राहणाऱ्या मराठी मंडळींना ऑन्टॅरिओ सरोवराकाठचं हे गाव चांगलंच परिचयाचं. उन्हाळ्यात मुलांना पाण्यात सोडायचं, वाळूत सतरंजी टाकून डबे उघडायचे, येताना व्हिक्टोरिया हॉलच्या जुन्या इमारतीसमोर फोटो काढायचे. आपलं गाव पडद्यावर दिसणार एवढंच कौतुक. प्रत्यक्षात दिसलं ते थंडीतलं, रिकामं, अंगावर येणारं कोबर्ग. तिथेच आमचा अर्धा विरस झाला.

गोष्ट एवढीशीच आहे. सॅम टोरांटोत खोली भाड्याने घेऊन राहतो. तो ट्रान्स पुरुष आहे. घरच्यांनी त्याला वाढवलं ते मुलगी म्हणून. आता काही वर्षांनी, पुरुष म्हणून जगायला लागल्यावर पहिल्यांदाच, वडिलांच्या वाढदिवसाला तो कोबर्गला घरी निघालाय. आगगाडीत शाळेतली जुनी मैत्रीण कॅथरीन भेटते. मग घर, जेवणाचं टेबल, भावंडं, भांडण. सॅमची भूमिका एलियट पेजची. 'जूनो' या 2007च्या चित्रपटाने ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला हा हॅलिफॅक्सचा कलाकार. आपण ट्रान्स आहोत हे त्याने 2020च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं आणि 2023मध्ये 'पेजबॉय' हे आत्मकथन लिहिलं. कथा त्याची आणि ब्रिटिश दिग्दर्शक डॉमिनिक सॅव्हेजची. सॅव्हेज संवाद लिहून देत नाही. प्रसंग ठरवायचा, माणसं ठरवायची आणि कॅमेरा सुरू करून नटांना बोलू द्यायचं, ही त्याची रीत. 2023च्या सप्टेंबरमध्ये टोरांटोच्या महोत्सवात चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. थिएटरात यायला पुढचा ऑगस्ट उजाडला.

त्या काळात इथली हवा काय होती ते सांगितल्याशिवाय माझं पहिलं मत कळणार नाही. महोत्सव संपल्यावर तीनच दिवसांनी, 20 सप्टेंबरला, कॅनडाभर पालकांचे मोर्चे निघाले. शाळेत लिंगओळखीबद्दल शिकवू नका, ही मागणी. त्यात आपल्या उपखंडातली कुटुंबं मोठ्या संख्येने होती. न्यू ब्रन्सविक आणि सस्कॅचवान या प्रांतांनी त्याच वर्षी नियम केले होते: सोळा वर्षांखालच्या मुलाला शाळेत वेगळं नाव लावायचं असेल तर पालकांची संमती हवी. मी मोर्च्याला गेले नाही, पण त्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश हौसेने पुढे पाठवले. आईला कळायला नको का, हा माझा एकच मुद्दा. चित्रपटाला मी बसले ती आई म्हणूनच.

आणि चित्रपटातली आई चांगली आहे हो. घरात कुणी सॅमला दार लावून घेत नाही, कुणी शाप देत नाही. सगळे मिठी मारतात, सगळ्यांना तो हवा आहे. आईच्या तोंडून एकदा सवयीने त्याचा उल्लेख मुलगी म्हणून होतो आणि ती कोलमडते, रडत माफी मागते. वेंडी क्रूसनने तो प्रसंग असा केलाय की आमच्या रांगेत एकदम पर्सा उघडल्या आणि रुमाल निघाले. मीही रडले. तेवढ्यात पुढे बसलेली काही तरुण मुलं हसली. मोठ्याने नाही, नाकातून सुटलेलं, दमल्यासारखं हसू. मला इतका संताप आला की पुढची काही मिनिटं पडद्यावर काय चाललंय तेच कळलं नाही. आईच्या अश्रूंना हसणारी ही कसली पिढी, असं मी गाडीत बसल्यावर सगळ्यांना ऐकवलं.

गाडीतली दुसरी चर्चा पॉलची. पॉल हा सॅमच्या एका बहिणीचा जोडीदार. आपल्याला प्रत्येक शब्द तोलूनमापून बोलावा लागतो याचा त्याला राग आहे, आणि तो राग जेवणाच्या दिवशी बाहेर पडतो. एका मैत्रिणीचे यजमान म्हणाले, "सगळ्यांत खरं बोलणारा तोच." कुणी विरोध केला नाही. मीही नाही.

मग सप्टेंबरात गणपती आले. ओळखीच्या एका घरातला मुलगा आरतीला आला होता, बऱ्याच वर्षांनी. त्याचंही सॅमसारखंच. दाढी राखलेली, झब्बा घातलेला. आम्ही बायकांनी त्याला किती प्रेमाने सामावून घेतलं, याचा मला मनातून अभिमानच वाटत होता. प्रसादाच्या रांगेत मी त्याच्या मागे होते. समोरून येणारी प्रत्येक काकू, मावशी थांबत होती, दंडाला हात लावत होती आणि आवाज खाली आणून विचारत होती: "बरा आहेस ना रे आता? नक्की?" तो दर वेळी "मजेत काकू" म्हणून हसायचा. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच विचारलं. मलाही तेच उत्तर, तेच हसू मिळालं. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भाच्याला मात्र सगळ्यांनी विचारलं की गाडी कुठली घेतलीस, आणि बास्केटबॉलचे रॅप्टर्स यंदा काय करणार.

घरी येऊन चित्रपट पुन्हा लावला. या वेळी एकटीने.

पहिल्यांदा मी आईकडे बघत होते, कॅमेरा मात्र बराच वेळ सॅमच्या चेहऱ्यावर होता. माफीच्या प्रसंगात आई रडते आणि समजूत घालतो सॅम. चूक तिची, दुखावला तो, आणि सावरायचं कामही त्याच्याकडेच. त्यानंतर प्रत्येक खोलीत कुणीतरी त्याला गाठतं. तू सुखी आहेस ना, तुझं नीट चाललंय ना, आम्हाला काळजी वाटते. वडील मायेने बोलतात, तो प्रसंग खरोखर सुंदर आहे, पण तिथेही शेवटी बापाचं मन हलकं करायची जबाबदारी मुलावरच येते. एका क्षणी सॅम घरच्यांना विचारतो की मी खरोखर वाईट अवस्थेत होतो तेव्हा कुठे होती ही काळजी. पहिल्या वेळी मला हा उद्धटपणा वाटला होता. दुसऱ्या वेळी वाटलं, प्रश्न साधा आहे आणि टेबलाभोवती कुणाकडेच त्याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नव्हतं. पुढच्या रांगेतली मुलं का हसली तेही तेव्हा कळलं. हा प्रसंग त्यांनी आपापल्या घरी अनेकदा पाहिला असणार, दुसऱ्या बाजूने.

पॉलबद्दलही मत फिरलं. चार लोकांत एक शब्द सांभाळायचा त्याला इतका जाच होतो. सॅमने अख्खं लहानपण सांभाळून काढलं, त्याचा हिशेब पॉलच्या डोक्यातही येत नाही. भांडणानंतर घराबाहेर पडतो तो सॅम.

संवादांचं म्हणाल तर समीक्षकांनीही तीच तक्रार केली होती. पेजच्या अभिनयाची वाहवा, पण बोलणं विस्कळीत, तेच ते. मला आता वाटतं, घरातल्या प्रसंगांत ते अडखळणंच खरं आहे. बऱ्याच वर्षांनी भेटलेली माणसं अशीच बोलतात: वाक्य सुरू करतात, घाबरतात, मग चहा घेणार का विचारतात. लिहून दिलेल्या घोटीव संवादांत हे आलं नसतं. कॅथरीनच्या भागात मात्र ही पद्धत फसते, या मतावर मी कायम आहे. तिचं आणि सॅमचं प्रेम लांबतं, मऊ होत जातं, आणि त्या विवाहित बाईच्या घरादाराचं काय, याला चित्रपट बगल देतो. हिलरी बॅकने मात्र कॅथरीनचं काम छान केलंय. कॅथरीनला ऐकू येत नाही, त्यामुळे ती सॅमकडे सरळ, पूर्ण बघत बोलते. घरचे सगळे चौकश्या करताना बशीकडे नाहीतर खिडकीबाहेर बघत असतात.

शाळेच्या नियमांबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाबद्दल आईला काहीच कळू नये, हे मला आजही पचत नाही. पण मुलाने आईला का सांगितलं नसेल, हा प्रश्न मी आधी कधी विचारलाच नव्हता. "कळायला नको का" एवढ्यावरच थांबत होते. ते संदेश पुढे पाठवणं बंद केलंय. मैत्रिणींपैकी दोघींना माझं हे बदलणं नाटकी वाटतं, आणि त्या यजमानांशी पॉलवरून आमचा वाद अजून मिटलेला नाही.

चित्रपट थोर नाही. कोबर्गच्या घरातला भाग मात्र कौटुंबिक नाटक म्हणून मी अलीकडे पाहिलेल्या कुठल्याही चित्रपटाच्या वरचढ आहे. मिळाला तर पाहा. आणि आई रडायला लागली की तुमची नजर तिच्याकडे वळेल. ती मुद्दाम सॅमवर ठेवा.