पोर्टलंडच्या गॅरेजमधली लाल बीअर आणि आमची आवक-जावक



आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, ह्या वयात हे काय सुचलं. आमचं घराणं बडोद्याचं, पणजोबा गायकवाड सरकारच्या खजिन्यात कारकून म्हणून आले तेव्हापासूनचं. मी वाढलो दांडिया बाजारात, बी. कॉम. केलं महाराजा सयाजीराव विद्यापीठातून आणि उभी हयात एका राष्ट्रीयीकृत बँकेत गेली. १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९६० मध्ये गुजरातने तसाच पुढे चालू ठेवला, त्यामुळे आमच्या पिढीने बडोद्यात दारूचं दुकान पाहिलेलंच नाही. मी स्वतः साठी उलटेपर्यंत थेंब चाखला नव्हता. त्याला कायद्यापेक्षा घरचं कारण मोठं होतं. ते पुढे येईलच.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही दोघं चिरंजीवांकडे अमेरिकेत गेलो, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला. पाच महिने मुक्काम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे झोप उडाली (तिकडे जाऊन आलेल्यांना हा त्रास ठाऊक आहे) म्हणून गॅरेजमध्ये गेलो, तर कोपऱ्यातून गुडगुड आवाज. मला वाटलं नळ गळतोय. पाहतो तर झाकण घट्ट लावलेली प्लॅस्टिकची पांढरी बादली, झाकणात छोटी नळी, नळीत पाणी, आणि दर दोन सेकंदांनी त्यातून बुडबुडा. बादलीवर चिकटपट्टी, तिच्यावर "अंबर - ३".

सकाळी चहाच्या वेळी विचारलं, हे काय रे? चिरंजीव क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाबा, व्हिनेगर करतोय." सूनबाई उठून आत गेल्या.

छत्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासलेत. समोरचा माणूस कधी आकडा लपवतोय ते कळतं. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी त्यानेच संध्याकाळी बसवून सांगितलं की ती बीअर आहे, घरीच करतो, आणि तिथे ते कायदेशीर आहे. कायद्याचं मी लगेच तपासलं, सवयच ती. १९७८ साली अध्यक्ष कार्टर ह्यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बीअरवरचा कर आणि बंदी उठली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन प्रौढ असले तर २०० गॅलन. म्हणजे साडेसातशे लिटर! विकायची मात्र नाही. (आपल्या गुजरातेत हे करणं गुन्हा आहे. पोस्ट वाचून कुणी बादली आणायला जाऊ नका.)

मला राग आला होता हे खरं. पण रागापेक्षा भीती जास्त होती. ती त्याला सांगता येईना, म्हणून मी वेगळंच विचारलं. "तिसरी आहे म्हणतोस, पहिल्या दोन कशा झाल्या?"

पहिलीच्या बाटल्या उघडताना निम्मी बीअर छताला लागली होती, आणि एक तर कपाटात आपोआप फुटली. दुसरीला नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास. "हिशोब कुठे लिहिलायस?" म्हटलं. लिहिलेलाच नव्हता. इंजिनियर माणूस, सगळं डोक्यात. मग मी एक जाड वही मागवली. तुला काय करायचं ते कर, म्हटलं, नोंदी मी ठेवतो.

आता थोडं शास्त्र सांगतो, कारण मला त्यात खरोखर रस वाटू लागला. नाचणीचं सत्व आपण कसं करतो? भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. तेच सातूचं केलं की माल्ट. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात. साधं माल्ट फिकट असतं. ओलं असतानाच ते तापवलं तर साखर दाण्याच्या आत तयार होऊन भाजली जाते, आणि त्याला काकवीसारखी चव व तांबूस रंग येतो. त्याला म्हणतात क्रिस्टल माल्ट. अंबर एल म्हणजे मुख्यतः ह्या क्रिस्टलची करामत. आयरिश पद्धतीच्या लाल एलमध्ये हे कमी, आणि चिमूटभर सातू पार काळे होईतो भाजून घालतात. १९ लिटरला ६०-७० ग्रॅम पुरतात, तेवढ्यानेच लाल झाक येते. जास्त घातले की कॉफी.

नवख्यांनी पीठ-पाण्याच्या भानगडीत न पडता माल्टचा तयार पाक आणावा, असं चिरंजीवांचं मत. मधासारखा घट्ट, दीड-दीड किलोचे दोन डबे. अर्धा किलो भरडलेलं क्रिस्टल फडक्यात बांधून अकरा लिटर पाण्यात अर्धा तास ठेवायचं, चहा मुरवतो तसं. पाणी ६५ ते ७० अंश, उकळू द्यायचं नाही, नाहीतर सालातला तुरटपणा उतरतो. फडकं हिच्या श्रीखंडाच्या चक्क्याचं घेतलं होतं, न विचारता. त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

मग फडकं काढायचं, गॅस बंद करून पाक घालायचा (चालू गॅसवर घातला तर तळाला लागतो), आणि पुढे एक तास उकळायचं. सुरुवातीला फेस असा वर येतो की दूध बरं. त्यात हॉप घालायचे. ही एका वेलीची मादी फुलं, सुकवून गोळ्या केलेली. तासाच्या सुरुवातीला २८ ग्रॅम कडूपणासाठी, शेवटची पंधरा मिनिटं उरली की १५ ग्रॅम चवीसाठी, गॅस बंद करताना आणखी २८ वासासाठी. आमचे हॉप कॅस्केड जातीचे, ओरेगनच्याच विद्यापीठात तयार झालेले. पाकीट उघडलं की संत्र्याच्या सालीचा आणि किंचित देवदाराचा वास.

तर तो एक तास. पातेलं सोडून हलता येत नाही. मोबाईल बघायची सोय नाही, हातात डाव, चष्म्यावर वाफ. चौथ्या घाण्याच्या वेळी आम्ही दोघं असेच उभे होतो. वीस मिनिटं झाली असतील. चिरंजीव पातेल्याकडे बघतच म्हणाले, "बाबा, काकांना खरंच कावीळ झाली होती का?"

माझा धाकटा भाऊ. एका कारखान्यात पाळीवर होता. दारूबंदीच्या राज्यात दारू मिळत नाही हे ज्यांना वाटतं त्यांना वाटू दे. काय मिळेल ते आणि कुठली असेल ती प्यायचा. आई त्याला गुपचूप पैसे द्यायची, मी आईशी भांडायचो. १९९१ साली माझी बदली एका छोट्या गावच्या शाखेत होती. एका रात्री साडेदहाला तो दारात आला. उभं राहता येत नव्हतं. "दादा, पाचशे रुपये दे." मी दोनशे दिले आणि म्हटलं, ह्या अवस्थेत मुलांसमोर येऊ नकोस, शुद्धीत असशील तेव्हा ये. दार लावून घेतलं. तो बाहेर पायरीवर थोडा वेळ बसला होता, मग उठून गेला. पाच आठवड्यांनी दवाखान्यात वारला. यकृत संपलं होतं. मुलांना आम्ही सांगितलं, कावीळ. खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. पुढे घरात तो विषय कधी निघाला नाही. फोटोसुद्धा आतल्या खोलीत.

हे सगळं मी त्या तासात सांगितलं. दोनशे रुपयांसकट. ऐकून तो म्हणाला, "मी जागा होतो त्या रात्री. पडद्यामागे. मला वाटायचं, तुम्हीच कधीतरी सांगाल."

दहा वर्षांचा होता तेव्हा. सत्तावीस वर्षं वाट बघितली त्याने.

मग घड्याळ वाजलं, हॉपची दुसरी पुडी टाकायची वेळ झाली.

पुढचं काम सोवळ्याचं. आई लोणचं घालताना ओल्या हाताला बरणीच्या आसपास फिरकू द्यायची नाही, तसंच. उकळणं संपलं की त्या द्रवाला जे जे लागेल ते सगळं जंतुनाशक पाण्यातून काढलेलं हवं. बादली, नळी, झाकण, कात्री, यीस्टचं पाकीटसुद्धा. हे हिला फार पटलं. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करायचं, बादलीत ओतून गार पाण्याने १९ लिटरपर्यंत भरायचं आणि विशीच्या आसपास आलं की साडेअकरा ग्रॅम यीस्ट भुरभुरायचं. पोर्टलंडचं पाणी मऊ, चवीला उत्तम, पण नगरपालिका त्यात क्लोरामिन घालते. ते उकळून जात नाही आणि बीअरला औषधी पट्टीसारखा वास देतं. त्यासाठी एक गोळी मिळते. पाव भागसुद्धा पुरतो.

दुसऱ्या घाण्याचा वास कशाचा, ते वहीने दाखवलं. मी सकाळी सात आणि दुपारी चार, दोन्ही वेळा गॅरेजचं तापमान लिहीत होतो. सकाळी १८, दुपारी २८! बादलीतलं त्याहून जास्त, कारण यीस्ट काम करताना स्वतःही तापतं. ह्या यीस्टला १८ ते २० मानवतं, तापलं की नको ती द्रव्यं करतं. चिरंजीव म्हणाले, ह्यासाठी वेगळा फ्रीज घ्यावा लागेल. अरे, बडोद्याचा ना तू? मेमध्ये माठाला आपण काय करतो? बादली पाण्याच्या टबात उभी केली, भोवती त्याचाच जुना सुती शर्ट ओला करून गुंडाळला, शर्टाचं टोक पाण्यात, समोर टेबलफॅन. तिकडचा उन्हाळा कोरडा. दुपारी चारला बादलीवर चिकटवलेल्या पट्टीत २० अंश. मला बढती मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

पहिल्याच्या बाटल्या का फुटल्या ते तर बँकेतल्या कुणीही सांगितलं असतं. शिल्लक जुळायच्या आत दिवस बंद केला. दुधाचा लॅक्टोमीटर असतो तसलं काचेचं उपकरण असतं. सुरुवातीला आमचा आकडा १.०५०. साखरेचा मद्यार्क होत जातो तसा तो उतरतो. बुडबुडे थांबले म्हणजे संपलं असं नाही. तीन दिवस आकडा तोच आला तरच बाटल्या भरायच्या. आमचा १.०१२ ला स्थिरावला. दोहोंतल्या फरकाला १३१ ने गुणलं की टक्केवारी येते, पाचच्या जवळपास. भरताना १९ लिटरला १२० ग्रॅम साखर उकळून मिसळायची, त्यातूनच बाटलीत गॅस धरतो. पुन्हा दोन आठवडे थांबायचं. एकूण महिना. उतावळ्याचं काम नव्हे.

बाटल्या भरल्या ४८. मी वहीत आवक ४८ लिहिलं आणि शेजारी दुसरा रकाना आखला: जावक. त्याच्याकडे न बघताच म्हटलं, रोज किती गेल्या ते इथे लिहीत जा. भांडण होईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "लिहीन. काकांमुळे विचारताय ना?" मी हो म्हटलं. एवढ्यावरच झालं.

महिन्याने बाटली उघडली. चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या लोट्यासारखा रंग, वर पिवळसर पांढरा फेस, तळाशी यीस्टचा साका, तो ओतायचा नाही. खोटं कशाला बोलू, मी अर्धी वाटी घेतली. सदुसष्टाव्या वर्षी. आधी भाकरीच्या भाजलेल्या पापुद्र्यासारखी चव, मग काकवी, आणि शेवटी कडू, कारल्याचं कडू नव्हे, संत्र्याच्या सालीचं. वाईट नव्हती. पुन्हा मागितली नाही, मला आपलं ताक बरं. हिने नुसता वास घेतला आणि म्हणाली, एवढ्या खटपटीत चार किलो चक्का झाला असता.

त्या आठवड्याच्या जावकेत एका दिवशी ११ दिसल्या. माझ्या पोटात गोळा. मग आठवलं, शनिवारी त्याचे सहा मित्र आले होते. वहीत शेरा मात्र नव्हता. शेरा लिहायला लावला.

जावकेचा रकाना खराच भरतो की नाही, हे मला इथे बडोद्यात बसून कळायचा मार्ग नाही. बँकेतही शाखेत जाऊन तिजोरी मोजेपर्यंत मॅनेजरच्या सहीवरच विश्वास ठेवावा लागायचा. आल्यावर मी एक केलं, भावाचा फोटो पुसून बाहेरच्या खोलीत लावला, झोपाळ्यासमोर. चिरंजीव व्हिडिओ कॉल करतात तेव्हा तो मागे दिसतो.

घाणा लावला की वहीच्या पानाचा फोटो अजून येतो. परवा आला, ह्या वेळी आयरिश लाल. सुरुवात १.०४८, काल १.०१६, आज १.०१४. खाली प्रश्न: "बाबा, भरू का?"

मी कळवलं, अजून तीन दिवस थांब.